मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत १२० तासांची इंटर्नशिप: कोणती संस्था निवडावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिकमध्ये मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला शिकत आहे. सहाव्या सत्रात आम्हाला चार क्रेडिटांचे ओजेटी (प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण) पूर्ण करावे लागते आणि विभागाने त्यासाठी १२० तास ठरवून दिले आहेत. माझ्या वर्गातील बहुतेकांनी दवाखाने, शाळा किंवा एखाद्या कंपनीचा मनुष्यबळ विभाग निवडला आहे. मला मात्र पुढे एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा बालमानसशास्त्र यांपैकी एका वाटेने जायचे असल्यामुळे हे तास मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतच घालवावेत असे वाटते.

सध्या माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिली संस्था समाजमाध्यमांवर जाहिरात देऊन इंटर्न घेते. काम महिनाभराचे आणि घरबसल्या करण्याचे आहे. फोनवर पाच मिनिटे बोलून त्यांनी माझी निवड केली, आणि निवड झाल्यानंतर असे कळवले की एक लिंक ओळखीच्या लोकांना पाठवून ठरावीक रकमेच्या देणग्या जमवायच्या, आणि ती रक्कम पूर्ण झाली तरच प्रमाणपत्र मिळेल. दुसरा पर्याय घराजवळच्या एका बालगृहाचा आहे. तेथील अधीक्षक फार आपुलकीने बोलले. ‘केव्हाही या, मुलांना खेळवा, गाणी शिकवा, थोडे समुपदेशनही करा,’ असे म्हणाले आणि महाविद्यालयाच्या ओळखपत्राखेरीज काहीच मागितले नाही. तिसरी संस्था लहान आहे आणि बांधकाम मजुरांच्या वस्तीवर मुलांचे अभ्यासवर्ग चालवते. त्यांनी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितले, आधी प्रशिक्षण घ्यावे लागेल असे सांगितले आणि आठवड्यातून दोन दिवस याप्रमाणे किमान सहा महिने यावेच लागेल अशी अट घातली.

मला तास लवकर पूर्ण करायचे आहेत, त्यामुळे तिसऱ्या संस्थेची अट जाचक वाटते. घरच्यांना बालगृह पसंत आहे, कारण ते जवळ आहे आणि चार भिंतींच्या आत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. संस्थेला नेमके काय विचारावे, आणि माझ्यासारख्या विद्यार्थिनीने मुलांचे समुपदेशन करणे योग्य आहे का, हेही कृपया सांगावे.

क्षेत्रकार्य_मार्गदर्शक

मी एका समाजकार्य महाविद्यालयात अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याची व्यवस्था पाहते, त्यामुळे अशा निवडीचे प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर येतात. तुम्ही तिन्ही पर्यायांचे वर्णन इतके नीट केले आहे की उत्तर त्या वर्णनातच आहे. तिसरी संस्था निवडा. कारणे सविस्तर सांगते.

पहिल्या संस्थेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. देणग्या जमवणे हे कमीपणाचे काम मुळीच नव्हे. शिक्षिकांचे मानधन आणि मुलांचा खाऊ त्यातूनच येतो. परंतु जेथे विद्यार्थ्याला मुलांच्या कामाचे नाव सांगून घेतले जाते, त्याच्या मामा-मावशीकडून पैसे जमवून घेतले जातात आणि रक्कम भरली की प्रमाणपत्र दिले जाते, तेथे प्रशिक्षण कोणते आणि पर्यवेक्षक कोण, या प्रश्नांना उत्तरच नसते. ओजेटीच्या नोंदवहीत तुम्ही रोज काय लिहिणार, एवढा विचार केला तरी पुरे.

आता बालगृहाविषयी. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी बंधनकारक आहे, आणि तेथील मुले बाल कल्याण समितीच्या (निराधार किंवा अडचणीतील मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या अधिकृत मंडळाच्या) आदेशाने दाखल झालेली असतात. ही मुले घरातील हिंसा, पालकांचा मृत्यू, बालमजुरी, बालविवाह किंवा लैंगिक अत्याचार यांसारख्या कशातून तरी बाहेर आलेली असतात. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखालील नियम २०२० मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की मुलांना ठेवणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची, मग ते कायम असोत वा कंत्राटी, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेतली पाहिजे. नियमात कर्मचारी हा शब्द असला तरी जी संस्था तो नियम मनापासून पाळते ती स्वयंसेवकालाही त्यातून सूट देत नाही. तेव्हा तुमच्याकडे काहीच मागितले नाही, हा मोकळेपणा मला काळजीचा वाटतो. तुमचा हेतू उत्तम आहे, परंतु त्या दारातून तुमच्याआधी कोण आले आणि तुमच्यानंतर कोण येणार, हे त्या अधीक्षकांना कसे कळणार? घरच्यांना चार भिंती सुरक्षित वाटतात हे समजण्यासारखे आहे, पण मुलांच्या बाबतीत सुरक्षितता भिंतींवर कमी आणि ये-जा करणाऱ्यांच्या नोंदीवर अधिक अवलंबून असते.

समुपदेशनाचे उत्तर स्पष्ट आहे: करू नये. तिसऱ्या वर्षापर्यंत तुम्ही सिद्धान्त शिकला आहात; प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली घेतलेला अनुभव तुमच्याजवळ नाही, आणि महिनाभराने निघून जाणाऱ्या व्यक्तीने मुलाच्या मनातील जखम उघडणे त्या मुलाला महागात पडते. मूल आपणहून बोलले तर शांतपणे ऐकावे. खोदून विचारू नये.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण ती बहुतेक संस्था पहिल्या दिवशी सांगत नाहीत. एखादे मूल जवळ येऊन म्हणते, ‘ताई, कोणाला सांगणार नाहीस ना?’ तेव्हा ‘नाही सांगणार’ असे वचन देऊ नये. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती असलेल्या किंवा तो होण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. हे बंधन इंटर्नलाही लागू होते, आणि कळवले नाही तर कलम २१ खाली शिक्षेची तरतूद आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला कायद्याने संरक्षणही दिले आहे. मुलाला सांगावे की तू सांगितलेस हे चांगले केलेस, तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच मी हे सांगेन. त्यानंतर मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, आपले अर्थ न घालता, लिहून ठेवावेत आणि त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगावे. पर्यवेक्षकाने ‘संस्थेचे नाव खराब होईल’ अशी सारवासारव सुरू केली, तरी तुमची जबाबदारी संपत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आहे आणि ११२ या क्रमांकाशी जोडलेली आहे. हा क्रमांक फोनमध्ये असू द्या.

म्हणून संस्थेला विचारण्याचा माझा पहिला प्रश्न नोंदणी क्रमांकाचा नसतो. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, निती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंद, लेखापरीक्षण अहवाल हे सर्व पाहावेच. पण कागद चोख आणि काम ढिसाळ अशा संस्थाही असतात. मी विचारते की तुमचे बाल संरक्षण धोरण लेखी आहे का, ते मला वाचायला मिळेल का, आणि कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार आली तर ती कोणाकडे जाते. जेथे हे धोरण खरोखर वापरात असते तेथील माणूस दोन मिनिटांत कागद काढून देतो किंवा निदान त्या तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचे नाव सांगतो. जेथे नसते तेथे ‘आमच्याकडे तसे काही होतच नाही’ असे उत्तर मिळते.

शेवटी तुमच्या तासांचे गणित. दर आठवड्याला दोन दिवस, प्रत्येक दिवशी अडीच तास, म्हणजे आठवड्याला पाच तास. चोवीस आठवड्यांत बरोबर १२० तास होतात. संस्थेची अट आणि विभागाची अट यांत वैर नाही. फक्त काम पाचव्या सत्रातच सुरू करण्याची लेखी परवानगी विभागाकडून घ्यावी लागेल. विभागप्रमुखांशी बोला. अशी विनंती सकारण आली तर सहसा नाकारली जात नाही.

शनिवार_मोकळा

वरील प्रतिसाद उत्तम आहे, मात्र एका मुद्द्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. मुलांसाठी काम करणे म्हणजे मुलांच्या सोबत बसणे, हे समीकरण येथे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. मी पेशाने लेखापाल आहे आणि सुट्टीच्या दिवशी एका संस्थेचे हिशेब पाहतो. तेथील मुलांपैकी फारच थोड्यांशी माझी ओळख आहे आणि ती तशीच असावी असे मला वाटते. लहान संस्थांची अडचण बहुधा वर्गात नसते, ती कार्यालयात असते. देणगीदाराला द्यायचा अहवाल वेळेवर जात नाही, हजेरीच्या वह्या संगणकावर उतरवल्या जात नाहीत, देणगीदारांच्या आयकर सवलतीच्या पावत्या अडकून राहतात, आणि मग अनुदानाचा पुढचा हप्ता लांबल्यामुळे शिक्षिकेचे मानधन थकते. हजेरीची माहिती नीट भरली तर कोणती मुले तीन आठवडे आलेली नाहीत हे पडद्यावर दिसते, आणि मग कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन विचारू शकते. हे कामही मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला पुष्कळ शिकवू शकेल.

दुसरे असे की प्रत्येकालाच सहा महिने देता येत नाहीत. नोकरी करून शिकणारी मुले-मुली हे वाचत असतील, त्यांनी निराश होऊ नये. ‘असर’ या सर्वेक्षणाला स्वयंसेवक लागतात. २००५ साली सुरू झालेल्या या पाहणीत प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे निवडली जातात, आणि स्वयंसेवक घरी जाऊन मुलांना अक्षरे, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते तपासतात. प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष पाहणी मिळून आठवड्याच्या आत काम आटोपते. यात मुलाशी नाते जोडून ते तोडण्याचा प्रश्न येत नाही, आणि पाचवीतील मूल दुसरीचा मजकूर वाचताना कोठे अडखळते हे डोळ्यांनी दिसते. ओजेटीचे तास मात्र यातून भरणार नाहीत, हे मान्य.

संस्थेतला_मुलगा

मी सातव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत बालगृहात राहिलो. त्यामुळे दाराच्या आतल्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

आमच्याकडे पाहुण्यांचे दिवस ठरलेले असत. पंधरा ऑगस्ट, दिवाळीच्या आधीचा रविवार, कोणाच्या तरी मुलाचा वाढदिवस, कोणाच्या तरी आजोबांचे वर्षश्राद्ध. आम्हाला रांगेत बसवले जाई, प्रार्थना म्हणायला लावली जाई, केक कापला जाई आणि छायाचित्रे काढली जात. कोणते गाणे म्हटले की पाहुण्यांचे डोळे भरून येतात हे आम्हाला चांगले ठाऊक होते, आणि त्या हिशेबाने आम्ही ते म्हणत असू. आमच्यात कोणाला याचे दुःख होत होते असे नाही. मिठाई मिळत होती. पण पाहुण्यांशी खरे बोलायचे नसते हे आम्ही फार लवकर शिकलो, आणि ती सवय पुढे नोकरीच्या ठिकाणीही सुटत नाही. वरती क्षेत्रकार्य मार्गदर्शकांनी सांगितले नाही म्हणून भर घालतो: बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील कोणत्याही माध्यमातून प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. मोबाइलवरचे ‘स्टेटस’ही त्यातून सुटत नाही. ‘आजचा दिवस या चिमुकल्यांसोबत’ असे लिहिणाऱ्यांनी हे वाचावे.

महिनाभरासाठी येणारे विद्यार्थी वेगळेच. त्यांच्या हातात प्रश्नावली असे. ‘तुला घरची आठवण येते का? कधी येते? तेव्हा तू काय करतोस?’ एकाच वर्षी तीन महाविद्यालयांची मुले येऊन हेच विचारून गेली की चौथ्याला आम्ही पाठ केलेली उत्तरे देत असू. गोदाकाठ यांनी प्रकल्पासाठी मुलांच्या मुलाखती घेण्याचा विचार केला असेल तर तो सोडून द्यावा. नाही म्हटले तर अधीक्षक रागावतील असे ज्या मुलाला वाटते, त्याच्या होकाराला फारसा अर्थ नसतो.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. बालगृहातील सर्व मुले अनाथ असतात असे लोक धरून चालतात. आमच्यातील बहुतेकांना आई किंवा वडील होते. माझी आई होती. तिला आम्हा भावंडांना पोसणे शक्य नव्हते एवढेच. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिच्याखाली एक पालक गमावलेल्या किंवा अडचणीत सापडलेल्या कुटुंबातील मुलाला घरीच ठेवून सांभाळण्यासाठी आता दरमहा २,२५० रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, शाळेचे बोनाफाइड असे कागद जमवावे लागतात, गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समितीच्या आदेशाने प्रकरण मंजूर होते. मोलमजुरी करणाऱ्या विधवा बाईला रोजगार बुडवून हे कागद गोळा करणे किती जड जाते याची कल्पना करा. एखाद्या इंटर्नने सहा महिन्यांत अशा दहा-बारा आयांचे अर्ज पूर्ण करून दिले तर तितकी मुले कदाचित माझ्यासारखी आत येणारच नाहीत. त्याचे छायाचित्र काढता येत नाही, म्हणून या कामाला फारसे कोणी येत नाही.

मला स्वतःला कोणाचा उपयोग झाला, असे विचाराल तर दोन माणसांची नावे घेईन, अर्थात येथे नाही. एक जण आठवीपासून दहावीपर्यंत दर रविवारी गणित शिकवायला येत. ते कधी मला जवळ घेऊन लाड करत नसत. गृहपाठ केला नाही तर रागावत. पण रविवारी ते येणार हे निश्चित असे, आणि यायचे नसेल तर आदल्या रविवारी सांगत. दुसऱ्या एक बाई मी अठरा वर्षांचा होण्याच्या सुमारास भेटल्या. त्या वयात मुलाला बालगृह सोडावे लागते. अनुरक्षणगृहात (अठरा वर्षांनंतर राहण्यासाठीच्या गृहात) जागा मिळाली तर ठीक, नाहीतर एक पत्र्याची पेटी आणि एक फाइल घेऊन बाहेर. अधिवासाचा दाखला, बँकेचे खाते, महाविद्यालयाच्या अर्जातील ‘कायमचा पत्ता’ हा रकाना, या गोष्टींपुढे मोठे मोठे हात टेकतात. त्या बाई माझ्याबरोबर तहसील कार्यालयाच्या रांगेत उभ्या राहिल्या. २०१८ पासून राज्यात अनाथ मुलांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, पण त्यासाठी आधी अनाथ असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि पात्र मुलांपैकी किती जणांना तो अर्ज कोठे करायचा हे कोणी सांगते? सतरा वर्षांच्या मुलांसोबत बसून त्यांची कागदपत्रे लावून देणे, हे बालगृहात करण्याजोगे सर्वांत उपयोगी काम आहे असे माझे मत आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. विभागप्रमुखांशी बोलले. संस्थेचे पत्र आणि पर्यवेक्षकाचे नाव दिल्यास पाचव्या सत्रापासूनचे तास धरण्यास त्या तयार आहेत, त्यामुळे मी वस्तीवरील अभ्यासवर्गाची संस्था निवडत आहे. बालगृहाला नकार कळवला.

आता काही व्यावहारिक शंका आहेत. बांधकामाच्या जागी प्रत्यक्ष काम काय असते? तेथील बरीच मुले मराठी बोलत नाहीत असे ऐकले आहे. विद्यावेतन मागणे योग्य दिसेल का? आणि आईला माझ्या तेथे जाण्याची काळजी वाटते, तिला काय सांगावे?

पाटी_पेन्सिल_पुणे

मी पुण्यात अशाच वर्गांचे समन्वयन करतो, त्यामुळे या शंकांची उत्तरे देणे मला सोपे आहे.

बांधकामावरील मुलांचे काम आपल्याकडे नवे नाही. दिल्लीत १९६९ साली मोबाइल क्रेशेसने मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरे सुरू केली, आणि मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या डोअर स्टेप स्कूलने पुढे पुण्याच्या बांधकामांवर वर्ग आणि चाकांवरची शाळा चालवली. कायदाही झाला: १९९६ च्या बांधकाम कामगार अधिनियमाने जेथे पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे मालकावर बंधनकारक केले. प्रत्यक्षात ती खोली कित्येकदा सिमेंटच्या गोण्यांनी भरलेली असते, आणि ती रिकामी करून घेण्यासाठी ठेकेदाराशी गोड बोलणे हा आमच्या कामाचा मोठा भाग असतो.

तुमचे पहिले काही दिवस निरीक्षणात जातील. तेथील शिक्षिका मुलांना कशी बसवते, भांडण झाले की काय करते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत न पाठवता वर्गात कशी सामावून घेते, हे पाहा. त्यानंतर बहुधा तुम्हाला चार-पाच मुलांचा एक गट दिला जाईल. हे गट वयाने न करता वाचनाच्या पातळीने करतात, म्हणजे अकरा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी दोघेही अक्षरांपाशी असू शकतात. अशा वेळी त्या मोठ्या मुलाला लाज वाटू नये याची काळजी घेणे हे वाचन शिकवण्यापेक्षा अवघड आहे. तुमच्या मानसशास्त्राचा उपयोग तेथे होईल. भाषेची चिंता करू नका. एकाच वर्गात मराठवाड्यातील मुलांची मराठी, तांड्यावरच्या मुलांची गोरमाटी, छत्तीसगढी, कानडी असे सर्व ऐकू येते. मुले महिन्याभरात एकमेकांची भाषा उचलतात आणि तुमची दुभाषी होतात. तुम्ही त्यांच्या भाषेतील दहा-वीस शब्द शिकलात तर त्यांना तुमची चूक काढण्याचा आनंद मिळतो, आणि तो त्यांना शाळेत फारसा मिळत नाही.

वर्ग हा मात्र निम्माच भाग आहे. खरा प्रश्न मुलाला जवळच्या महापालिकेच्या शाळेत दाखल करण्याचा असतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, कलम ५ प्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि कलम १४ प्रमाणे जन्मदाखला नाही या कारणावरून मुलाला परत पाठवता येत नाही. हे सर्व मुख्याध्यापकांना माहीत असते. तरीही डोक्यावर पदर घेतलेली, हातावर चुन्याचे डाग असलेली आई एकटी गेली की ‘उद्या या’ असे उत्तर मिळते, आणि तिच्यासोबत महाविद्यालयाची एक मुलगी कायद्याची प्रत घेऊन शांतपणे उभी राहिली की अर्ज मिळतो. असे व्हायला नको, पण होते. तुमच्या १२० तासांतील पुष्कळसे तास अशा फेऱ्यांत गेले तर ते वाया गेले असे समजू नका. नोंदवहीत प्रत्येक फेरी तारीख, शाळा आणि मिळालेले उत्तर यांसह लिहा.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. स्लॅबचे काम संपले की कुटुंबे दुसऱ्या साइटवर जातात. ज्या मुलीला तुम्ही अक्षरांपासून परिच्छेदापर्यंत आणले ती एका सोमवारी येत नाही आणि खोपटे रिकामे असते. आम्ही प्रत्येक मुलाची प्रगतिपत्रिका पालकांजवळ देऊन ठेवतो आणि पुढच्या साइटचा पत्ता कळला तर तेथील संस्थेला फोन करतो, पण प्रत्येक वेळी पत्ता कळतोच असे नाही. उलट तुमचे जाणे तुमच्या हातात आहे. शेवटचा महिना सुरू झाला की मुलांना दिवस सांगा, तो फळ्यावर लिहा आणि ‘मी पुन्हा नक्की येईन’ असे म्हणू नका. भेटवस्तू, चॉकलेटे आणि स्वतःचा फोन क्रमांक देण्यावर बहुतेक संस्थांची बंदी असते. ती पाळा, आणि तिसऱ्या आठवड्यात एखादे मूल गळ्यात पडून क्रमांक मागेल तेव्हाही पाळा.

विद्यावेतन जरूर विचारा, त्यात संकोच नको. लहान संस्थांना ते परवडत नाही, परंतु बसभाडे देण्याइतकी सोय बऱ्याच संस्था करतात, आणि स्वयंसेवकाने पदरमोड करत राहावे अशी अपेक्षा करणारी संस्था मला स्वतःला पटत नाही. संस्थेने प्रवासखर्च दिला नाही तर तुम्ही तीन महिन्यांनी गळण्याची शक्यता वाढते आणि नुकसान पुन्हा मुलांचेच होते, हे संस्थेलाही ऐकवायला हरकत नाही.

आईंना सांगा की तुम्ही साइटवर एकट्या जाणार नाही. शिक्षिका सोबत असते, वर्ग अंधार पडण्याआधी संपतो, आणि जेथे काम चालू आहे त्या मजल्यांवर जायचे नसते. हे तिन्ही नियम त्या संस्थेत आहेत का ते आधी विचारून घ्या, आणि जमल्यास आईंना एकदा वर्ग पाहायला घेऊन जा. संस्थेला त्याची पूर्वकल्पना द्या म्हणजे झाले.

पडताळणीचा अर्ज पोलिसांच्या संकेतस्थळावरून आजच भरा, कारण प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. ते हाती येईपर्यंत तुम्हाला मुलांसोबत एकटे ठेवले जाणार नाही. ठेवू लागले, तर ‘माझे प्रमाणपत्र अजून आलेले नाही’ असे तुम्हीच सांगा.